मुलांच्या एक्स-रेवर डावे-उजवे: शिशाचा मार्कर कुठे, कसा आणि राहिला तर काय

प्रश्न असा आहे. रुग्णालयात फिल्मच्या कॅसेट जाऊन डीआर, म्हणजे चित्र थेट संगणकावर उमटवणारे, मशीन आले. आता एक्स-रे काढून झाल्यावर संगणकावरच एल (डावे) किंवा आर (उजवे) टाकता येतो. तान्ह्या बाळाच्या एवढ्याशा चित्रात शिशाच्या मार्करला, म्हणजे शेजारी ठेवायच्या शिशाच्या एल-आर अक्षराला, जागा पुरत नाही. तो छातीवर येतो, नाहीतर कडेला अर्धा कापला जातो. मग तो लावायचा कशाला? लावायचाच असेल तर कुठे लावायचा? आणि राहिला किंवा चुकला, तर एक्स-रे पुन्हा काढायचा का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: लावायचाच, आणि एक्सपोजरच्या, म्हणजे किरण सोडण्याच्या, आधी लावायचा. शिशाचे अक्षर बाळाच्या अंगाशेजारी, त्याच क्षणी, त्याच किरणांनी उमटते. पुढे ते चित्र कोणी आडवे पलटले, फिरवले, प्रिंट केले किंवा मोबाइलवर फोटो काढून पाठवले, तरी ते अक्षर ज्या खांद्याशेजारी उमटले त्याच खांद्याशेजारी राहते. कीबोर्डवरून टाकलेले अक्षर फक्त एवढेच सांगते, की टाकणाऱ्याला त्या वेळी ती बाजू डावी किंवा उजवी वाटली. चित्र आधीच उलटे असेल, तर ते अक्षर चुकीच्या बाजूला ताठ, सुवाच्य उभे राहते आणि कुणालाच शंका येत नाही.

आता चित्र उलटे होतेच कसे, हे नीट समजून घ्या, कारण मार्करचे बाकीचे नियम त्यातून निघतात.

एक्स-रे बघण्याचा रिवाज ठरलेला आहे. मूल आपल्यासमोर तोंड करून उभे आहे असे समजायचे. म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. मशीनला मात्र चित्र ट्यूबच्या, म्हणजे किरण सोडणाऱ्या नळीच्या, बाजूने दिसते. बाळ उताणे आहे आणि ट्यूब वर आहे, म्हणजे एपी (किरण पुढून मागे), तर ट्यूबच्या बाजूने बघितल्यावर बाळाची उजवी बाजू आपोआप आपल्या डावीकडे येते. काही करावे लागत नाही. मोठे मूल चेस्ट स्टँडला छाती टेकवून उभे आहे आणि ट्यूब पाठीमागे आहे, म्हणजे पीए (किरण मागून पुढे), तर ट्यूबला त्याची पाठ दिसते आणि उजवी बाजू उजवीकडेच येते. म्हणून मेनूमध्ये 'चेस्ट पीए' निवडले, की सॉफ्टवेअर ते चित्र स्वतःहून आडवे पलटते. हे पलटणे पडद्यावर कुठे लिहून येत नाही.

मोठ्यांच्या छातीचा एक्स-रे बहुतेक पीए असतो. चार-पाच वर्षांखालचे मूल स्टँडला शांत चिकटून उभे राहत नाही, म्हणून त्याला उताणे झोपवून किंवा आईच्या आधाराने ट्यूबकडे तोंड करून बसवून एपी काढतात. सकाळपासून ओळीने मोठ्यांचे पीए काढत बसलेल्या टेक्निशियनच्या मेनूवर तेच बटण राहिले, की मुलाचे एपी चित्र विनाकारण पलटते. हृदय उजवीकडे दिसू लागते. इथे दोन गोष्टी घडू शकतात. एक, कोणी ते चित्र तसेच पाठवते आणि वॉर्डात 'डेक्स्ट्रोकार्डिया', म्हणजे हृदय उजवीकडे, म्हणून धावपळ होते. दोन, टेक्निशियन म्हणतो, 'अरे, उलटे आले,' आणि परत पलटतो. दुसरी कृती बहुतेक वेळा बरोबर ठरते आणि तिची सवय लागते. मग एक दिवस खरोखर उजवीकडे हृदय असलेले बाळ येते. त्याचे बरोबर आलेले चित्रही सवयीने पलटले जाते आणि निदान तिथेच दडपले जाते.

सगळे अवयव आरशासारखे उलटे असण्याचा प्रकार, सायटस इन्व्हर्सस, दहा हजारांत साधारण एक असा मानतात. अशा बाळाचे खरे चित्र आणि निरोगी बाळाचे पलटलेले चित्र यांत फरक करायला चित्रात दुसरे काहीही नसते: हृदय उजवीकडे, जठरातली हवा उजवीकडे, यकृत डावीकडे. फक्त शिशाचे अक्षर सांगू शकते. आणि हे निदान हौसेचे नाही. ज्या मुलांच्या श्वासनलिकांतले केस नीट हलत नाहीत, ज्यांना सतत सर्दी-खोकला-कान फुटणे चालू असते, त्यातल्या निम्म्या मुलांत अवयव असे उलटे असतात. छातीच्या एक्स-रेवरचे हृदय हाच कित्येकदा पहिला धागा असतो. हृदय उजवीकडे पण जठर नेहमीसारखे डावीकडे, असाही प्रकार आहे. त्यात हृदयाचे जन्मजात दोष बरेच सापडतात. ते चित्र पलटले, की हृदय 'जागेवर' येते आणि जठर उजवीकडे जाते. हृदय बघून समाधान मानणाऱ्याला हे कळतही नाही. म्हणून नियम: हृदय कुठे आहे ते बघून बाजू ठरवायची नाही. बाजू मार्करवरून ठरवायची आणि मग हृदय कुठे आहे ते बघायचे.

फिरवणे आणि पलटणे यातला फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चित्र १८० अंशांत फिरवले, तर डावे-उजवे बिघडत नाही. पण आडवे किंवा उभे पलटले, तर दोन्ही वेळा आरशातली प्रतिमा तयार होते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हे रोजचे आहे. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारे पॅनल, ज्या बाजूने सरकतो, त्यामुळे बाळाचे डोके कधी पॅनलच्या खालच्या टोकाला येते आणि पडद्यावर बाळ शीर्षासनात दिसते. इथे फिरवण्याचे बटण दोनदा दाबायचे. घाईत शेजारचे 'उभे पलटा' दाबले, तरी डोके वर येते, चित्र नीटस दिसते, आणि डावे-उजवे बदललेले असते. दोन्ही बटणांची चिन्हे अनेक कन्सोलवर जवळपास सारखीच असतात. अधिकार असेल तर एनआयसीयूच्या प्रीसेटमधून पलटण्याची बटणे काढून टाकायला इंजिनिअरला सांगा.

पालथ्या झोपवलेल्या बाळांचेही असेच. व्हेंटिलेटरवरच्या बाळांना कधी कधी पोटावर ठेवतात आणि तशाच अवस्थेत पोर्टेबल, म्हणजे फिरत्या मशीनवरचा एक्स-रे, काढावा लागतो. ट्यूब वर, बाळ पालथे, म्हणजे हा पीए झाला. पण पोर्टेबलचा मेनू एपी असतो, तो पलटत नाही. हृदय उजवीकडे दिसते. चित्रावर 'पालथे' असे लिहिलेच पाहिजे. वायरलेस पॅनल उलटे सरकवले, म्हणजे किरण मागच्या बाजूने आत गेले, तरी प्रतिमा आरशातली येते. मात्र त्या वेळी पॅनलच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची नक्षी चित्रात उमटते, म्हणून ते लगेच पकडता येते.

या सगळ्यात शिशाचे अक्षर दोन गोष्टी सांगते. अक्षर कोणते आणि कोणत्या बाजूला, यावरून बाजू कळते. अक्षर सुलट आहे की आरशातले, यावरून चित्र पलटले गेले आहे का ते कळते. हा दुसरा पुरावा मिळवायचा असेल, तर अक्षराचे तोंड नेहमी एकाच दिशेला हवे. काही विभागांत पीएसाठी मार्कर मुद्दाम पालथा लावतात, म्हणजे शेवटच्या चित्रात तो सुवाच्य दिसतो. ती पद्धत जुनी आहे, चुकीची नाही. पण लहान मुलांत एपी, पीए, उताणे, पालथे, मांडीवर बसलेले असे सगळे प्रकार एकाच दिवशी येतात, म्हणून माझ्या मते अक्षर कायम ट्यूबकडे तोंड करूनच लावावे. मग सुलट अक्षर म्हणजे चित्र ट्यूबच्या बाजूने बघितल्यासारखे आहे, आणि उलटे अक्षर म्हणजे ते पलटलेले आहे. नीट काढलेल्या पीएत अक्षर उलटे दिसेल आणि ते बरोबरच असेल. कोणतीही पद्धत धरा, पण ती विभागाच्या भिंतीवर लिहिलेली हवी. रात्रपाळीचा माणूस एक पद्धत आणि दिवसाचा दुसरी पाळत असेल, तर उलट्या अक्षरावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही.

मार्कर कसा असावा. मोठ्यांचे १२ ते १५ मिलिमीटर उंचीचे अक्षर नवजात बाळाच्या शेजारी फार मोठे होते. ६ ते ८ मिलिमीटरचा वेगळा जोड ठेवा. नुसते कापलेले सुटे शिशाचे अक्षर नको, कारण ते स्वतःच पालथे पडू शकते आणि वरचा सगळा हिशेब चुकतो. प्लास्टिकच्या चकतीत बसवलेले, पुढची-मागची बाजू स्पष्ट असलेले आणि डाव्या-उजव्याला वेगळा रंग असलेले घ्या. प्रत्येक टेक्निशियनचा स्वतःचा जोड असावा आणि त्यावर आद्याक्षर किंवा क्रमांक असावा; चित्र बघितल्यावर कोणाला फोन करायचा हे लगेच कळते. उघडे शिसे रांगत्या मुलाच्या हाती लागू देऊ नका. ते सरळ तोंडात जाते, आणि मग गळ्याचा आणि पोटाचा वेगळाच एक्स-रे काढावा लागतो.

एनआयसीयूसाठी जोड वेगळा ठेवा आणि प्रत्येक बाळानंतर स्पिरिटच्या वाइपने पुसा. मार्कर खिशातून, टेबलावरून, पलंगाच्या कडेवरून फिरत असतो. हात धुऊन आत गेलेल्या माणसाच्या खिशातला न धुतलेला मार्कर हा संसर्गाचा रस्ता आहे. पॅनलला प्लास्टिकची पिशवी घालत असाल, तर मार्कर पिशवीच्या आत पॅनलवर चिकटवा, म्हणजे तो बाळाला लागणारच नाही.

चिकटवायचा तो पॅनलवर किंवा गादीखालच्या ट्रेवर. बाळाच्या अंगावर नाही, झबल्यावर नाही, इन्क्युबेटरच्या झाकणावर तर नाहीच. झाकणावरचा मार्कर डिटेक्टरपासून लांब असल्याने मोठा आणि धूसर होतो आणि सरकून बहुधा चौकटीबाहेर जातो. साधी कागदी चिकटपट्टी, मायक्रोपोर, किरणांना दिसत नाही, ती वापरा. घडी पडलेली जाड चिकटपट्टी नवजात बाळाच्या चित्रात पट्टा म्हणून उमटू शकते. इन्क्युबेटरच्या झाकणात भोक असेल तर तेही गोल काळ्या छायेसारखे फुफ्फुसावर येते. त्याचा मार्करशी संबंध नाही, पण बाळाची मांडणी करतानाच दोन्ही बघून घ्यावे.

जागा. कोलिमेटरच्या (किरणांची चौकट आखणाऱ्या झडपांच्या) उजेडाच्या चौकटीत, पण अवयवांबाहेर. चौकटीच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. नाहीतर सॉफ्टवेअर कडा आपोआप कापताना अक्षर अर्धे नेते, आणि अर्धा आर एलसारखा दिसायला वेळ लागत नाही. मार्करसाठी चौकट मोठी करायची नाही. मूल लहान असेल तितके कोलिमेशन घट्टच हवे. अक्षर लहान करा, चौकट नाही.

छातीला सर्वांत सोयीची जागा म्हणजे खांद्याच्या वर, मान आणि दंड यांच्यामधला कोपरा. बाळाचे हात वर धरलेले असतील तर काखेच्या बाहेरची जागा. फुफ्फुसाचे टोक आणि खालचा कोपरा मोकळा ठेवा. थोडीशी हवा किंवा पाणी तिथेच दडते. छाती-पोट एकत्र घेताना बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या खोलगट भागाबाहेर, कुशीशेजारी अक्षर बसते. धरणाऱ्या पालकाचा किंवा मावशींचा हात तिथे येणार नाही ना, हे आधी बघा. हाताखाली गेलेला मार्कर शोधत बसावे लागते, आणि चौकटीत आलेला हात ही मार्करपेक्षा मोठी चूक आहे.

खुब्याच्या एक्स-रेत अक्षर कमरेच्या हाडाच्या बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात. मांड्यांच्या मध्ये नको: डावे-उजवे दाखवायला मधली रेघ ही सर्वांत वाईट जागा. लंगोट दुमडलेली असेल तर अक्षर तिच्या घडीत हरवते. जननेंद्रियांवर शिशाचे कवच ठेवत असाल, तर ते सरकून मार्कर आणि सांधा दोन्ही झाकते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये हे कवच नेहमीच्या वापरातून काढून टाकावे असे जाहीर केले, त्यामागचे एक कारण हेच, की ते निदानाची जागा झाकते. जन्मतः निखळलेला खुबा डाव्या बाजूला जास्त आढळतो. म्हणून 'डावाच असेल' असे गृहीत धरून पलटलेले चित्र बरोबर वाटण्याचा धोका इथेही आहे. पाय बेडकासारखे फाकवून काढलेल्या दुसऱ्या चित्रालाही स्वतंत्र मार्कर लागतो. पहिल्या चित्राचा मार्कर दुसऱ्याला चालत नाही.

हातापायांच्या चित्रात मार्कर नसेल तर सगळेच संपते. छातीत निदान हृदय-जठर असते. पलटलेला डावा हात मात्र तंतोतंत उजवा हात दिसतो. हाडांत बाजू सांगणारे काहीही नसते. अक्षर अवयवाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचे. मनगट-हाताला करंगळीच्या बाजूला, हाडांच्या वाढत्या टोकांपासून दूर. कोपराच्या दुखापतीत तुलनेसाठी दोन्ही हातांचे चित्र मागवतात. मुलांच्या कोपरात हाडांची सहा केंद्रे एक ते अकरा वर्षांच्या दरम्यान एकामागोमाग उगवतात. नवे केंद्र आणि तुटलेला तुकडा सारखेच दिसतात, म्हणून तुलना करायची असते. दोन्ही हात एकाच एक्सपोजरमध्ये घेतले, तरी दोन अक्षरे लावा. एका बाजूला एल आहे म्हणजे दुसरी आर असणारच, हे तर्काने खरे आहे. पण चित्र मधोमध कापून दोन फाइली केल्या, की एक हात बिनअक्षराचा उरतो. वाकड्या पावलांच्या बाळांचे दोन्ही पाय एकत्र घेताना हेच.

वय ठरवण्यासाठी हाडांचा एक्स-रे डाव्या हाताचा घेतात, कारण ग्रुलिक-पाइल पद्धतीची प्रमाण चित्रे डाव्या हाताची आहेत. चुकून उजवा घेतला गेला तर पुन्हा काढू नका. दोन्ही हातांच्या हाडांच्या वयात उपचाराला फरक पडेल एवढे अंतर सहसा नसते. उजवा आहे असे लिहा, बस. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तेव्हाच हाडांच्या तपासणीवर येतात, आणि ते चित्र कोर्टात जाते. तिथे बाजू, नाव, तारीख आणि वेळ चित्रातच हवी. मुलाला मारहाण झाल्याचा संशय असताना काढलेल्या पूर्ण सांगाड्याच्या मालिकेतही प्रत्येक चित्राला शिशाचे अक्षर हवे. नंतर टाइप केलेले अक्षर आधीपासून होते की मागून घातले, यावर उलटतपासणीत तासभर जाऊ शकतो.

पाठीच्या बाकाची, म्हणजे मणका कडेला वाकण्याची, गोष्ट वेगळी आहे. वाढत्या मुलींच्या स्तनांना किरण कमी लागावेत म्हणून हा एक्स-रे पाठीकडून काढतात, आणि मणक्याचे सर्जन तो पाठीकडूनच बघतात. म्हणजे मुलीची उजवी बाजू त्यांच्या उजव्या हाताला. रेडिओलॉजिस्ट कधी नेहमीच्या रिवाजाने बघतो. एकच चित्र दोन खोल्यांत दोन दिशांनी लागते. किशोरवयातला नेहमीचा बाक छातीच्या भागात उजवीकडे असतो. डावीकडचा दिसला, तर मज्जारज्जूत काही आहे का हे बघायला एमआरआय सांगतात. लहान मूल असेल तर भूल देऊन. मार्कर नसलेला एक बाक एवढी धावपळ घडवू शकतो. पायांची लांबी मोजायच्या उभ्या चित्रात दोन-तीन एक्सपोजर जोडलेली असतात. त्या प्रत्येक तुकड्यात अक्षर ठेवा. फक्त वरच्या तुकड्यात ठेवले तर घोट्याचा तुकडा अनाथ राहतो. इथे लांब पायाची वाढ थांबवण्याची शस्त्रक्रिया ठरते, आणि ती चुकीच्या पायावर झाली तर परत फिरता येत नाही.

कुशीवर झोपवून आडव्या किरणांनी काढलेले चित्र मुलांत दोन कारणांसाठी लागते: श्वासनलिकेत शेंगदाणा अडकल्याचा संशय, आणि पोटात मोकळी हवा. 'उजवी कूस' म्हणजे उजवी बाजू खाली. शेंगदाण्याच्या केसमध्ये खाली असलेले फुफ्फुस एरवी दबून लहान व्हायला हवे. अडकलेल्या बाजूचे दबत नाही. म्हणून कोणती बाजू खाली होती हाच निदानाचा अर्धा भाग आहे. अक्षर वरच्या बाजूला ठेवतात, आणि ते वरच्या बाजूचेच असते; शिवाय वर दाखवणारा बाण लावतात. नुसता बाण किंवा नुसते अक्षर पुरत नाही. काही मार्करमध्ये बारीक शिशाचे मणी खेळते असतात. मूल उभे असेल तर ते खाली गोळा होतात, उताणे असेल तर मधोमध राहतात. बाजूने काढलेल्या छातीच्या चित्रात जी बाजू पॅनलला टेकलेली, तिचे अक्षर.

एनआयसीयूत अक्षराची किंमत नळ्यांमध्ये कळते. नाभीतल्या शिरेतून घातलेली नळी मधल्या रेषेच्या जरा उजवीकडून सरळ वर जाते. धमनीतली आधी खाली ओटीपोटात उतरते आणि मग मणक्याच्या डावीकडून वर चढते. तिचे टोक छातीच्या ६व्या ते ९व्या मणक्यादरम्यान, किंवा खाली ठेवायची असेल तर कमरेच्या ३ऱ्या ते ५व्या मणक्यादरम्यान हवे. खाली उतरणारे वळण चित्रात नसेल, तर ओळख बाजूवर टिकते. श्वासाची नळी खोल गेली, तर ती बहुधा उजव्या शाखेत शिरते आणि डावे फुफ्फुस मिटते. पलटलेल्या चित्रात ते उजवे वाटते आणि कारण सुचत नाही. श्वासपटलाच्या छिद्रातून आतडी छातीत येण्याचा दोष पाचातल्या चार बाळांत डावीकडे असतो, आणि आतडी हृदयाला उजवीकडे ढकलतात. म्हणून 'हृदय उजवीकडे म्हणजे चित्र उलटे' हा अंदाज इथे उघड घातक आहे. फुफ्फुसाबाहेर हवा दाबाने साठली असेल, तर डॉक्टर सुई घेऊन उभे असतात. तेव्हा चुकीच्या बाजूची किंमत मिनिटांत मोजावी लागते. तिथे चित्राबरोबर बाळाच्या छातीला टॉर्च लावून बाजू ताडून बघणे हा चांगला रिवाज आहे.

मार्कर लावण्याआधी बाजू खात्रीने कळायला हवी. पालकांना 'डावा की उजवा?' असे विचारू नका. मुलाच्या समोर उभे राहिलेले वडील स्वतःची बाजू सांगतात. 'जिथे लागलंय तिथे हात लावून दाखवा,' असे म्हणा. मग फॉर्म बघा, मग मुलाचे अंग: सूज, पट्टी, प्लास्टर. तिन्ही जुळले तरच मार्कर उचला. जुळले नाही तर एक्सपोजर थांबवून लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. मूल रडत असले तरी या दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

आता राहिला किंवा चुकला तर. फक्त अक्षरासाठी एक्स-रे पुन्हा काढायचा नाही. मुलाला तेवढे किरण विनाकारण का द्यायचे? मूल अजून खोलीत असेल, तर ज्याने काढला त्यानेच, त्याच वेळी, चित्र आणि मूल शेजारी शेजारी ताडून बघावे: सलाइनची सुई कोणत्या हातात, ईसीजीच्या तारा कुठून, प्लास्टर कोणत्या पायाला. मग संगणकावरून अक्षर टाकावे आणि शेजारी 'एक्सपोजरनंतर' असे लिहून नाव आणि वेळ द्यावी. रेडिओलॉजिस्टच्या रिपोर्टमध्ये ते वाक्य यायला हवे. छातीबद्दल शंका उरलीच, तर हाताने हृदयाचे ठोके कुठे लागतात ते बघा, यकृत कुठे आहे ते सोनोग्राफीत बघा. त्यात किरण नाहीत. हातापायाचे चित्र असेल, मूल निघून गेले असेल आणि शस्त्रक्रिया किंवा प्लास्टर त्या चित्रावर ठरणार असेल, तरच पुन्हा काढणे समर्थनीय ठरते. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा, टेक्निशियनने नाही.

चुकीचे अक्षर लावले गेले असेल, तर ते मास्क करून झाकू नका, क्रॉप करून कापू नका. चुकीच्या अक्षरावर दिसेल अशी फुली, शेजारी बरोबर अक्षर, नाव, वेळ. मूळ चित्र पॅक्समध्ये, म्हणजे चित्रे साठवणाऱ्या संगणक यंत्रणेत, तसेच राहू द्या. आणि वॉर्डात फोन करा, कारण मधल्या वेळात कोणी ते चित्र बघितलेले असते. एकाच चित्रात शिशाचे आर आणि टाइप केलेले एल एकाच बाजूला दिसले, तर रिपोर्ट लिहायचा नाही. काढणाऱ्याशी बोलेपर्यंत थांबायचे.

चित्र बाहेर जाताना आणखी दोन ठिकाणी गडबड होते. काही सॉफ्टवेअर टाइप केलेली अक्षरे चित्रात न मिसळता वेगळ्या थरात साठवतात. सीडी किंवा जेपीजी करताना तो थर गळून जातो आणि समोरच्या डॉक्टरांकडे बिनअक्षराचे चित्र पोहोचते. नवे मशीन बसले की पहिल्याच आठवड्यात एक चाचणीचे चित्र काढून ते सीडीवर, प्रिंटवर आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या मूळ डिजिटल फाइलमध्ये, बाजूचे आणि दिशेचे स्वतंत्र रकाने असतात. ते मेनूतल्या निवडीवरून आपोआप भरले जातात, मुलाकडे बघून नाही. मेनू चुकला तर तेही चुकतात. म्हणून रकाना आणि शिशाचे अक्षर यांत भांडण झाले, तर विश्वास अक्षरावर. दुसरी गडबड मोबाइलची. फिल्म खिडकीपाशी धरून फोटो काढताना ती उलट्या बाजूने धरली जाते. छापलेले नाव उलटे दिसत असेल तर फिल्म उलटी धरली आहे. नाव सुलट आणि शिशाचे अक्षर उलटे असेल, तर चित्र छपाईच्या आधीच पलटलेले होते.

मुलांच्या एक्स-रेंवर सॉफ्टवेअरला शिकवण्यासाठी चित्रे गोळा करणाऱ्यांनीही एवढे पाळावे. संख्या वाढवण्यासाठी चित्रे आडवी पलटण्याचा सोपा मार्ग छातीसाठी वापरू नका. त्यातून प्रोग्रामला डेक्स्ट्रोकार्डिया नेहमीचाच वाटू लागतो. आणि मार्कर सरसकट झाकायचे असतील, तर आधी प्रत्येक चित्राची बाजू वेगळ्या रकान्यात माणसाने वाचून नोंदवा. न्यूमोनिया ओळखणाऱ्या प्रोग्रामवर २०१८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात छातीची चित्रे बघणारा प्रोग्राम कोपऱ्यातल्या धातूच्या मार्करवरून चित्र कोणत्या रुग्णालयातले ते ओळखत होता. मार्कर झाकण्याची गरज म्हणून खरी आहे, पण न वाचता झाकला तर ती बाजू पुन्हा कळण्याचा मार्ग उरत नाही.